वाचकांचे प्रश्न : दारू सोडवायची आहे, पण न्यायचे कोठे?

मंडणगडपासून दोडामार्गापर्यंतच्या गावांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत व्यसनाविषयीची पत्रे आता सर्वांत जास्त असतात. प्रश्न निरनिराळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे : उपचार शहरात आहेत आणि माणूस वाडीवर आहे. कोकणातल्या रुग्णालयांत मानसोपचार समाजकार्यकर्ती म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे आणि ही अडचण किती खरी आहे हे मला ठाऊक आहे. या अंकात चार पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे यजमान तांडेल आहेत. वय ४४. सोळाव्या वर्षापासून हर्णै बंदरातल्या बोटीवर जातात. पूर्वी समुद्रावरून आल्यावर पीत असत. गेली तीन वर्षे डोळे उघडले की आधी क्वार्टर लागते, त्याशिवाय हातात चहाचा कप ठरत नाही. गेल्या श्रावणात त्यांनी देवासमोर शपथ घेऊन दारू एकदम बंद केली. दोन दिवस घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या रात्री ते अंगणात उभे राहून हवेत जाळे ओढू लागले आणि तेथे नसलेल्या खलाशांना हाका मारू लागले. सासूबाईंनी बाहेरची बाधा समजून भगताला बोलावले. पहाटे कोणीतरी त्यांना दारू पाजली आणि ते हळूहळू शांत झाले. तेव्हापासून ते म्हणतात, "सोडली तर मी मरेन." जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा काही करता येईल का? मुंबईचे दीर म्हणतात पुण्याला न्या. जाऊबाई चहातून द्यायच्या पावडरीची जाहिरात पाठवतात. जवळ कोठे सोय आहे, खर्च किती येईल आणि गावात बोभाटा न होता हे जमेल का?
एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती तिसरी रात्र आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. वर्षानुवर्षे रोज दारू मिळत राहिली की मेंदू तिच्या गुंगीवर मात करण्यासाठी स्वतःला सतत जास्त उत्तेजित ठेवू लागतो. दारू एकाएकी थांबली की गुंगी उतरते, पण ती वाढलेली उत्तेजना तशीच राहते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना दिवस कोणता, जागा कोणती हे कळेनासे होते, नसलेली माणसे दिसतात आणि ते आपले रोजचे काम हवेत करू लागतात. शिंपीकाम करणारा रुग्ण रिकाम्या बोटांनी सुईत दोरा ओवताना मी पाहिला आहे. तांडेल असेल तर तो जाळे ओढणारच. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळीच उपचार न मिळाल्यास तीत माणूस दगावू शकतो.

त्यामुळे तुमचे यजमान म्हणतात ते खोटे नाही. इतकी पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम सोडली तर त्याच्या जिवाला धोका असतो. मात्र हेच चार-सहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक गोळ्या सुरुवातीला पुरेशा प्रमाणात देऊन आणि मग रोज कमी करत नेऊन, सुखरूप पार पाडता येतात, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले दिसत नाही. ते तुम्ही त्यांना सांगा. "तुम्ही घाबरलात ते बरोबरच होते, त्या रात्री तुम्हाला डॉक्टर हवा होता," एवढे बायकोच्या तोंडून ऐकले तरी पुष्कळ पुरुषांचा विरोध मावळतो, कारण तोवर सगळ्यांनी त्यांना भित्रे किंवा ढोंगी ठरवलेले असते.

शपथेला किंवा गळ्यातल्या माळेला मी कमी लेखत नाही. माळेच्या आधाराने वीस-वीस वर्षे दारूला न शिवलेली माणसे मला माहीत आहेत. माझे म्हणणे फक्त क्रमाविषयी आहे. गटारीच्या रात्री भरपूर प्यायची आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम थांबायचे, ही रीत रोज पिणाऱ्याच्या शरीराला झेपत नाही. आधी डॉक्टर, मग माळ, असे झाले तर ती माळ टिकण्याची शक्यता वाढते.

आता कोठे जायचे ते. आपल्याकडे व्यसन म्हटले की लोक आधी केंद्र शोधू लागतात आणि केंद्र पुण्याला किंवा मुंबईला आहे असे कळले की पैसे, रजा, सोबत यांची जुळवाजुळव करण्यात सहा महिने जातात. तुम्ही आधी डॉक्टर शोधा. तुमच्यासाठी पहिली पायरी दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय. खेडच्या बाजूच्या वाचकांना कळंबणी, चिपळूणच्या बाजूला कामथे, दक्षिणेकडे कणकवली आणि सावंतवाडी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि परिचारिका यांचे पथक तालुक्याच्या रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी येते. तो वार कोणता, हे आपल्या आशाताईंना किंवा रुग्णालयाच्या केस पेपरच्या खिडकीवर विचारून ठेवा, नाहीतर दिवसाची खोटी होते आणि पुन्हा यायला माणूस तयार होत नाही. भरतीची गरज पडली तर रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. मनोरुग्णालय हे नाव ऐकून दचकू नका. दारूच्या रुग्णांनाही तेथे तपासले जाते आणि तेथल्या तज्ज्ञांना असे रुग्ण नवे नसतात. तुमच्या यजमानांना एकदा भ्रम होऊन गेला आहे, म्हणजे दारू थांबवताना तो पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक, म्हणून त्यांचा हा टप्पा घरी न काढता रुग्णालयात भरती होऊनच काढावा असे मी आग्रहाने सांगेन.

भेटीच्या आधी दोन दिवस दारू बंद करून त्यांना कोरडे नेऊ नका. डॉक्टरांसमोर बरे दिसावे म्हणून घरचे असे करतात आणि मग एसटीतच फिट येते. नेण्यापूर्वी एका शाळेच्या वहीत चार गोष्टी लिहून घ्या : रोज किती क्वार्टर, देशी की गावठी, शेवटचा घोट किती वाजता, आणि पूर्वी फिट, कावीळ, रक्ताची उलटी किंवा डोक्याला मार यांपैकी काही झाले होते का. तिसऱ्या रात्रीचा प्रसंग पत्रात लिहिला आहे तसाच वहीत उतरवा. मी काम करत असताना एका बाईंनी अशी वही पुढे ठेवली होती. नवरा केस पेपरवर सही करायला बसला, पेन टेकवले, आणि रेघ वर-खाली जात कागदाबाहेर गेली. तो सातवीपर्यंत शिकलेला होता, तरी अखेर अंगठाच उठवला. दहा दिवसांनी डिस्चार्जच्या कागदावर त्याने आपले नाव सरळ ओळीत लिहिले आणि बराच वेळ तो कागद हातात धरून राहिला. सांगायचे हे की त्या वहीमुळे डॉक्टरांना पहिल्याच तासात औषधाचा डोस ठरवता आला.

एक बारकावा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. अशक्तपणा आला की गावात "सलाइन लावा" असे म्हणतात. रोज दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन या जीवनसत्त्वाची मोठी तूट असते. अशा माणसाला थायमिनचे इंजेक्शन न देता ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांना "हे रोज दारू पितात" एवढे वाक्य न लाजता सांगा.

मासेमारीबंदीचा तुमचा विचार मला फार आवडला. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस म्हणजे तांडेलाला वर्षातून एकदाच मिळणारी सवड आहे; बोट किनाऱ्यावर असते, मजुरी बुडत नाही. त्यांतले पहिले आठ-दहा दिवस शरीर दारूपासून मोकळे करण्यात जातील आणि उरलेले दिवस, जे अधिक मोलाचे आहेत, दारूशिवाय संध्याकाळ कशी काढायची ते शिकण्यात. पण पहिली भेट मे महिन्यातच उरकून घ्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर धावपळ होणार नाही. आणखी एक : दारू सोडण्याचा प्रयोग बोटीवर कधीही होऊ देऊ नका. काही नाखवे चांगल्या हेतूने म्हणतात, "चार दिवस बोटीवर बाटलीच ठेवत नाही, आपोआप सुटेल." किनाऱ्यापासून तासन्‌तास दूर असलेल्या बोटीवर भ्रम झालेल्या माणसाला सावरणे कोणालाच शक्य नसते.

पुण्याविषयी. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण हे चांगले केंद्र आहे, कोकणातली माणसे तेथे जाऊन बरी झाली आहेत आणि दीर खर्च व सोबत द्यायला तयार असतील तर जरूर विचार करा. घरापासून दूर, दारू सोडलेल्या माणसांच्या सहवासात महिनाभर राहण्याचा उपयोग होतो. मात्र तेथून परतल्यावर यजमान त्याच बंदरावर, त्याच मित्रांत येणार आहेत, आणि तेव्हा दर महिन्याला फेरतपासणीला पुण्याला जाणे होणार नाही. म्हणून पुण्याला गेलात तरी दापोलीचा डॉक्टर आधीपासून जोडून ठेवा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रेही असतात. तुमच्या जवळचे कोणते ते १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावर विचारता येईल. १४४१६ हा टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, ती सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तेथे मराठीतून बोलता येते. यजमान यायला तयार नसले तरी तुम्ही स्वतः फोन करून सल्ला घेऊ शकता.

पावडर मात्र देऊ नका. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींतल्या पुड्यांत काय असते ते कोणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे, ते चालू असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते घेणाऱ्याला हे पूर्ण माहीत असावे लागते, त्याचे हृदय आणि यकृत तपासलेले असावे लागते, आणि गोळी थांबवल्यावरही जवळजवळ दोन आठवडे तिचा परिणाम राहू शकतो. असे काही सकाळच्या पेजेत किंवा चहात मिसळून दिले आणि तो माणूस नेहमीसारखा गुत्त्यावर गेला, तर तो तेथेच कोसळू शकतो. आणि ही गोष्ट पुढे कधी कळलीच तर तो बायकोच्या हातचे अन्न खाताना आयुष्यभर संशय घेईल. विश्वासाशिवाय हा उपचार चालत नाही.

खर्चाचे म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जाण्यायेण्याचे आणि सोबत राहणाऱ्याच्या जेवणाचे पैसे धरून ठेवा. गुप्ततेचे म्हणाल तर रुग्णाची माहिती बाहेर न सांगण्याचे बंधन मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने घातले आहे. पण ताई, बंदरावर कोणाला ठाऊक नाही? गाव दारू पिताना पाहते, ते चालते, आणि उपचाराला जाताना पाहिले तर लाज वाटते, ही उलटी गोष्ट आपण सोडून दिली पाहिजे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाली होती. उरलेल्या ३७ जणांच्या घरीही तुमच्यासारखीच कोणीतरी रात्र जागून काढत असेल.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. गोव्यात एका हंगामात शॅकवर कामाला होता. परत आल्यापासून गांजा ओढतो. अलीकडे मित्र एमडी म्हणतात ती पांढरी पावडरही घेतो असे त्याच्या बहिणीला कळले. तीन-तीन रात्री झोपत नाही. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणून त्याने माडीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रे चिकटवली आहेत. डॉक्टरांकडे नेले तर ते पोलिसांना कळवतील आणि मुलाचे आयुष्य बरबाद होईल, या भीतीने आम्ही गप्प आहोत. आमच्या गावात असले काही कधी ऐकलेही नव्हते.
एक आई, सावंतवाडी तालुका

उत्तर : मुलाला याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, वर्तमानपत्रे चिकटवलेली खिडकी हे ज्याच्या उपचारासाठी थांबून चालत नाही अशा आजाराचे लक्षण आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते आणि गांजा या दोन्हींमुळे मनात खोल संशय बसू शकतो, आवाज ऐकू येऊ शकतात, आणि अशा वेळी "शेजारी कशाला पाळत ठेवतील?" असे समजावून काही उपयोग होत नाही. तुमच्या दृष्टीने भास असला तरी त्याच्या दृष्टीने ते घडत आहे. त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याला खोटी साथही देऊ नका. "तुला झोप नाही, त्रास होतो आहे, झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू," असे म्हणा. ते खरेही आहे आणि त्याला पटण्यासारखेही आहे. सावंतवाडीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय तुम्हाला जवळ पडेल. तो स्वतःला किंवा इतरांना इजा करू पाहत असेल, अंग तापून बडबडत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर ओपीडीची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

पोलिसांच्या भीतीविषयी सविस्तर लिहिते, कारण या भीतीपायी मुले हातची गेलेली मी पाहिली आहेत. उपचाराला आलेल्या रुग्णाची तक्रार पोलिसांत करणे हे डॉक्टरांचे काम नाही. कायद्याची दृष्टीही तुम्हाला वाटते तितकी कठोर नाही. अमली पदार्थांविषयीचा कायदा १९८५ चा आहे. त्यातल्या कलम ६४-अ नुसार, केवळ सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ असल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेण्यास तयार झाली, तर तिला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येते. विक्री करणाऱ्याला अर्थातच ही सवलत नाही. मुलगा मित्रांना पुड्या पोहोचवत असेल अशी शंका असेल तर वकिलाचा सल्लाही घ्या, पण त्यासाठी उपचार थांबवू नका.

दारू सोडताना असतो तसा ठरावीक गोळ्यांचा क्रम एमडी सोडताना नसतो. पदार्थ बंद झाल्यावर मुलगा दोन-तीन दिवस नुसता झोपेल, खाईल, आणि मग त्याला अतिशय उदास वाटू लागेल. पुष्कळ घरे येथे निर्धास्त होतात, की आता शांत झाला. याच दिवसांत जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येऊ शकतो. त्याला एकटे ठेवू नका, घरातली कीटकनाशके आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवा. संशय आणि भास यांवर डॉक्टर औषधे देतील. ती महिनाभरात बंद करण्याची घाई करू नका. ब्राऊन शुगरसारखे अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ब्युप्रेनॉर्फिनसारखे प्रभावी औषध उपलब्ध आहे. मुलगा तेही घेत असेल तर त्याला जी "टर्की" लागते, अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, ती सहन करत बसण्याची गरज नाही. डॉक्टरांना सगळे पदार्थ सांगा.

आपल्या गावात असले काही नव्हते, हे तुमचे म्हणणे मी समजू शकते. पण २०२३ च्या पावसाळ्यात दापोली तालुक्याच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे लाटांबरोबर वाहून आली होती. समुद्र, महामार्ग आणि कामासाठी परगावी जाणारी मुले असलेल्या कोणत्याही गावाला आता असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीत नोकरी करतो. धाकटा भाऊ संगमेश्वर तालुक्यात गावी असतो, आईला मारहाण करण्यापर्यंत त्याची दारू गेली आहे. एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राशी बोललो. ते म्हणतात, पत्ता द्या, रात्री आमची चार माणसे गाडी घेऊन येतील आणि त्याला उचलून नेतील. सहा महिने ठेवणार, पहिले तीन महिने भेट नाही, फोन नाही. पैसे आगाऊ. आईचे हाल बघवत नाहीत. पाठवू का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाठवू नका. तुमची घालमेल मला कळते. आई गावी मार खाते आहे आणि तुम्ही दूर आहात. पण त्या चार माणसांना कोणाला उचलून नेण्याचा कोणताही अधिकार नाही. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कक्षेत येतात. भाऊ स्वतः भरती व्हायला तयार नसेल आणि त्याची अवस्था खरोखरच तशी गंभीर असेल, तर नातेवाइकाच्या अर्जावरून दोन तज्ज्ञांनी, ज्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असला पाहिजे, त्याला स्वतंत्रपणे तपासून मग भरती करून घेण्याची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. ती भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची, आणि तिची माहिती मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. फोनवर पत्ता घेऊन सहा महिन्यांची भरती ठरवणाऱ्याने रुग्णाला पाहिलेलेसुद्धा नसते. भाऊ रोज पिणारा असेल तर गाडीत बांधून नेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे काय होऊ शकते, ते वरच्या उत्तरात आहेच.

अशाच एका केंद्रातून परत आलेल्या मुलाला मी भेटले होते. त्याच्या घोट्यावर साखळीचा काळा वळ होता आणि डोक्याचा पूर्ण गोटा केलेला होता. साखळदंडाने बांधणे, सक्तीने मुंडण करणे, सक्तीने काम करून घेणे, या साऱ्याला हा कायदा मनाई करतो. तो मुलगा बाहेर पडल्यावर त्याच रात्री प्यायला, आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकायला तयार होईना. मला त्या साखळीपेक्षा हे जास्त लागले.

कोणत्याही केंद्राला पैसे देण्यापूर्वी समक्ष जा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का ते प्रमाणपत्रावर पाहा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी आणि किती वेळ येतात ते विचारा, रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता ते विचारा, आणि राहण्याची जागा व संडास पाहू द्या असे म्हणा. पाहू देत नसतील तर परत फिरा. आईच्या मारहाणीसाठी मात्र उपचाराची वाट पाहायची नाही. मार चालू असेल तेव्हा ११२ ला फोन करायचा, शेजारच्या घरी तिचे कपडे, औषधे आणि कागदपत्रे ठेवून द्यायची, आणि शक्य असेल तर काही आठवडे तिला डोंबिवलीला आणायचे. आई घरात नाही, जेवण कोणी वाढत नाही, हे दिसल्यावर पुष्कळ भाऊ पहिल्यांदा स्वतःहून "मला डॉक्टरकडे ने" म्हणतात. तो क्षण आला की त्याच दिवशी निघता येईल अशी तयारी तुमच्याकडे असू द्या : रुग्णालय ठरलेले, सोबतीचा माणूस ठरलेला, भाड्याचे पैसे बाजूला.

प्रश्न : मी देवगड तालुक्यात एका बागायतदाराच्या कलमांची देखरेख करतो. सात महिन्यांपूर्वी कणकवलीच्या डॉक्टरांकडे उपचार घेतले, तेव्हापासून दारूला शिवलेलो नाही. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी रोज घेतो. आता बरे वाटते, तर बंद करू का? हंगाम संपत आला आहे. दरवर्षी शेवटची पेटी गेली की मजुरांना रात्री पार्टी द्यायची प्रथा आहे आणि ती माझ्याच हातून होते. मी कामावरून परतलो की बायको अजून तोंडाचा वास घेते, त्याचा अपमान वाटतो. आमच्याकडे दारू सोडलेल्यांची सभाही जवळपास नाही.
एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : दादा, सात महिने म्हणजे मोठा पल्ला आहे आणि तो तुम्ही एकट्याच्या हिमतीवर, सभेच्या आधाराशिवाय गाठला आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

गोळी एवढ्यात बंद करू नका, निदान हंगामाच्या तोंडावर तर नकोच. कधी थांबवायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. बरेचदा ती वर्षभर चालू ठेवतात आणि मधूनमधून यकृताची रक्ततपासणी करतात. ही गोळी बंद केल्याने त्रास होत नाही, त्यामुळे "बंद केली तरी काही झाले नाही" असे वाटते आणि ओढ तीन आठवड्यांनी, लग्नाच्या मांडवात, अवचित येते. आणखी एक, कधी अपघात झाला किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली तर ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण तिच्यामुळे काही तीव्र वेदनाशामके लागू पडत नाहीत. खिशात तशी चिठ्ठी ठेवा.

सभेचे म्हणाल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा आता फोनवरूनही होतात. तेथे नाव सांगावे लागत नाही, फी नसते आणि देवगडात बसून ऐकता येते. कलमांत रात्रीच्या राखणीला असता तेव्हा तासभर त्या सभेत बसणे तुम्हाला सहज जमेल. सुरुवातीला बोलावेसे वाटले नाही तर नुसते ऐका.

बायकोच्या वास घेण्याविषयी मी दोघांचीही बाजू घेते. तुम्हाला अपमान वाटणे साहजिक आहे. पण तिने जी वर्षे पायवाटेवरच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार याचा अंदाज बांधत काढली, ती सात महिन्यांत तिच्या अंगातून जाणार नाहीत. तिला वास घ्यावा लागू नये म्हणून रोज सकाळी गोळी तिच्यासमोर घ्या, तिच्याच हातून घ्या. हळूहळू तिचे लक्ष संध्याकाळवरून सकाळवर येईल.

पार्टीचे तर तुमच्या हातात आहे. मजुरांना मान द्यायचा तो जरूर द्या, पण तो दुपारी द्या. मालकांना आधी विश्वासात घेऊन सांगा की यंदा कोंबडी-वडे, सोलकढी, भात असे भरपूर जेवण मांगरात दुपारी बारा वाजता होईल आणि पार्टीचे उरलेले पैसे प्रत्येकाच्या हातावर मजुरीबरोबर रोख मिळतील. बहुतेक मजुरांना, विशेषतः ज्यांच्या बायका सोबत कामाला आहेत त्यांना, हे जास्त आवडते असा माझा अनुभव आहे. ज्यांना रात्री प्यायची ते आपल्या पैशाने पितील. तुम्ही त्या रात्री मांगरात थांबू नका, चावी दुसऱ्याकडे देऊन घरी या. दलालाकडून हिशेब घ्यायला संध्याकाळी जाऊ नका. सकाळी जा, बायकोला बरोबर घ्या, आणि तेथून दोघे मिळून आधी बँकेत जा.